सागवानाची छोटी डबी

नमस्कार, श्रोतेहो. दागिन्यांची किंवा जुन्या पत्रांची लाकडी डबी घरी करायला घेतली, की खरी कसोटी कोपऱ्यांत लागते. म्हणून आज कोपऱ्यांवरच जास्त बोलू.

डबी 200 मिलिमीटर लांब, 120 रुंद आणि 80 उंच धरा. 10 मिलिमीटर जाडीची, साधारण 700 मिलिमीटर लांबीची सागवानाची एकच फळी घ्या. तळाची आणि झाकणाची खाच आधी अख्ख्या फळीवर पाडून घ्या. 4 मिलिमीटरचा प्लाय बऱ्याचदा थोडा पातळच निघतो, तेव्हा त्याचा तुकडा घालून बघत बघत खाच रुंद करा. मग लांब, आखूड, लांब, आखूड या क्रमाने कापा. तीन कोपऱ्यांवर लाकडाच्या रेषा अखंड वळतात, फार देखणं दिसतं ते! चौथा कोपरा मागच्या बाजूला जाऊ द्या.

चारही बाजूंच्या दोन्ही टोकांना 45 अंशांचे तिरपे काप, एकूण आठ. प्रत्येकात अर्धा अंश जरी एकाच बाजूला चुकला, तरी बेरीज 4 अंश होते आणि शेवटच्या कोपऱ्यात जवळजवळ 1 मिलिमीटरची फट पडते. ती भुसा आणि फेविकॉलने बुजवू नका, पॉलिश चढलं की डाग उठून दिसतो. करवतीने किंचित लांब कापा आणि 45 अंशांच्या ठोकळ्याला टेकवून धारदार रंध्याने तासा. समोरासमोरच्या बाजू एकमेकींवर ठेवून टोकांवरून नख फिरवा. नख अडलं, तर एक बाजू लांब आहे. तशीच चिकटवली तर कोन अचूक असूनही डबी मिटत नाही.

चिकटवताना चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून टोकाला टोक लावा, सांध्यांवर चिकटपट्टी ओढून बसवा आणि उलटे करा. सागवान तेलकट, म्हणून काप स्पिरिटने पुसा. लाकडाचं कापलेलं तोंड गोंद पितं. पहिला हात पातळ, पाच मिनिटांनी दुसरा. तळ आणि वरची फळी खाचेत घालून डबी गुंडाळा, दोन्ही कर्ण सारखे भरतात का ते मोजा. तळाच्या प्लायला गोंद चालतो. वरची फळी अस्सल लाकडाची असेल, तर तिला गोंद नको आणि रुंदीकडून थोडी जागा सोडा. पावसाळ्यात ती फुगते, जागा नसेल तर कोपरे उसवते.

एक दिवस वाळू द्या. मग बंद खोक्याच्याच वरून 25 मिलिमीटरवर चौफेर रेघ मारून झाकण कापून काढा, म्हणजे दोन्ही भाग एकाच मापाचे निघतात. काचेवर चिकटवलेल्या 120 नंबरच्या पॉलिश पेपरवर कडा घासा.

पॉलिशसाठी चपडा लाख 50 ग्रॅम, स्पिरिट 200 मिलिलिटर, रात्रभर भिजवून गाळा. आतूनही हेच लावा, तेलाचा वास बंद डबीत कोंडून राहतो. दमट दिवशी मात्र हात देऊ नका, पांढुरकी झाक येते.

शेवटी बिजागऱ्या. पितळी स्क्रू सागवानात पटकन तुटतो. भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून पिळा, काढा आणि मग पितळी बसवा.