धुरासकट विस्तव

धुळ्यात ज्ञानाविषयी बोलायचे, तर या शहरातल्या तुरुंगापासूनच सुरुवात करावी लागते. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक अशी १८ प्रवचने विनोबांनी तेथे गीतेवर दिली, हे आपण सारे जाणता. मला आज ती लिहून घेणाऱ्या साने गुरुजींविषयी बोलायचे आहे. गुरुजी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेले, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिलेले, आणि वयाने विनोबांहून जेमतेम चार वर्षांनी लहान. गीतेवर स्वतः बोलण्याचा अधिकार त्यांना निश्चित होता. तरीही ते रविवारमागून रविवार दुसऱ्याचे शब्द टिपत बसले, आणि म्हणूनच ते शब्द आपल्यापर्यंत पोचले.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजली आहेत. त्यांत पहिले अमानित्व, म्हणजे मान मिळावा ही इच्छाच नसणे. आणि तत्त्वज्ञानाचा अर्थ पाहणे हे अगदी शेवटचे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणाऱ्या गुरुजींनी तो हातांनी गिरवला होता.

अठराव्या अध्यायात आणखी एक आधार आहे. विस्तवाला जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाला दोष असतोच, म्हणून आपल्या वाट्याचे कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे तेथे म्हटले आहे. हा श्लोक वाचला की मला पावसाळ्यातली आमची चूल दिसते. कापसाच्या ओलसर पऱ्हाट्या पेटता पेटत नसत, घर धुराने भरून जाई, आणि डोळ्यांतून पाणी गळत असतानाही आई फुंकणी खाली ठेवत नसे. ‘धूर शे म्हंजे इस्तो शे,’ एवढेच ती म्हणे.

हे ऐकत वाढलेला मी, शिक्षक झाल्यावर मात्र गावातल्या बायकांसाठी रात्रीचा वर्ग काढायचे ठरवून दोन वर्षे नुसता थांबलो. खोली हवी, पाट्या हव्यात, शिकवण्याची पद्धत नीट बसलेली हवी. माझ्या मनातला तो वर्ग निर्दोष होता, आणि त्यात एकही बाई शिकत नव्हती. शेवटी शेजारच्या जिजींनी दारात येऊन विचारले, ‘सर, शाळा कधी?’ त्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर, एका दिव्याखाली, सात जणी बसल्या.

मी अ-आ-इ-ई पासून सुरुवात केली, आणि ती चूक होती. कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली त्यांची बोटे पेन्सिलीवर ठरत नव्हती, आणि ‘अननस’ शिकून त्यांना काही करायचे नव्हते. चौथ्या दिवशी जिजींनी पदराच्या गाठीतून वेचलेल्या कापसाच्या मापाची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांना आकडे वाचायचे होते. दोन वर्षे विचार करून मला जे सुचले नाही, ते त्या चुरगळलेल्या कागदाने दाखवले. मी पुस्तक मिटले आणि त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारू लागलो.

पुढच्या वेचणीची चिठ्ठी जिजींनी माझ्याकडे आणली नाही. ओट्यावर बसून, एकेका आकड्यावर बोट ठेवत त्यांनी ती स्वतः वाचली : एक क्विंटल, सत्तावीस किलो. पाटीवर सात काढताना मात्र त्या तो शेवटपर्यंत उलटाच काढत राहिल्या.