हार्मोनला धरून ठेवणारं गर्भाशय

बशीत डावीकडे आहे ते वयात न आलेल्या उंदराच्या मादीचं गर्भाशय. दोन फाटे, दोऱ्याइतके बारीक. उजवीकडे तिच्याच वयाच्या दुसऱ्या मादीचं. लालसर, पाण्यानं तट्ट फुगलेलं. हिला सहा तासांपूर्वी इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन गटातलं स्त्री-हार्मोन, टोचलं होतं, ग्रॅमचा जेमतेम एक कोटीवा भाग.

एवढ्याशानं एवढं होतं कसं? हे हार्मोन स्वतःच रासायनिक क्रियेत खर्ची पडत असणार, असा तेव्हाचा समज. शिकागोत एल्वुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडिओलमध्ये ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, बसवलं आणि ते शरीरात कुठं जातं ते मोजलं. हा आलेख नीट पाहा. रक्ताची रेघ चढते, उतरते. यकृताची तशीच, स्नायूंची तशीच. गर्भाशयाची रेघ वरच राहते. शिवाय आत सापडलेलं इस्ट्राडिओल जसंच्या तसं! म्हणजे ते खर्ची पडत नव्हतं, कुणीतरी त्याला धरून ठेवलं होतं. 1958 साली व्हिएन्नाच्या परिषदेत जेन्सननं हे मांडलं, तेव्हा ऐकायला मोजकीच माणसं होती. 'याचा उपयोग काय' असं विचारून संशोधनाचा निधी कापणाऱ्यांनी ते रिकामं दालन जरूर आठवावं.

धरून ठेवणारा तो रिसेप्टर. तोही एक प्रथिनच. हार्मोन चिकटलं की त्याचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडीनं डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात, तिथल्या जनुकांवरून आरएनए, म्हणजे त्यांची नक्कल, तयार होतो आणि रायबोसोम त्याबरहुकूम प्रथिनं बनवतात. ॲक्टिनोमायसिननं आरएनए अडवा किंवा प्युरोमायसिननं प्रथिनं. गर्भाशय वाढत नाही.

आता हा पट्टा, प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या जेलवरचा. 1966 साली नोटायडिस आणि गोर्स्की यांनी गर्भाशयातल्या प्रथिनांच्या गर्दीतून हे एक नेमकं हेरलं. इस्ट्रोजेन मिळाल्यावर तासाभरात ते बनायला लागतं. पुढं कळलं, हे क्रिएटिन कायनेज, पेशीतली ऊर्जा हाताशी ठेवणारं. वाढीचं काम काढायचं, तर आधी ऊर्जेची तजवीज नको?

बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं. ते इस्ट्रोजेनचे रिसेप्टरच कमी करतं, म्हणजे वाढीला लगाम. गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी आता नागमोडी होऊन स्रवू लागतात. सशात त्या स्रावात युटेरोग्लोबिन नावाचं प्रथिन भरपूर असतं.

रिसेप्टरची जागा अडवणारं टॅमॉक्सिफेन स्तनाच्या कर्करोगावर देतात; गाठीत रिसेप्टर आहे का, हे आधी तपासून. गर्भाशयात मात्र तेच औषध काहीसं इस्ट्रोजेनसारखं वागतं, म्हणून ते घेताना अवेळी रक्तस्राव झाला तर तपासणी करून घ्यावी लागते.