वाचणं, लिहिणं आणि ॲक्रनचा रस्ता

अमेरिकेतली शाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हिरवंगार मैदान, टॅब्लेट घेतलेली मुलं, न्यू जर्सीतल्या भाच्याचे फोटो असं काहीतरी येत असेल. ते आज जरा बाजूला ठेवा. मी शिकवते ती शाळा वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, ॲपलॅचियन डोंगरांतल्या कोळसापट्ट्यात आहे. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे कड्यांचे नाहीत. गोलसर आहेत, झाडीने भरलेले आहेत, पण एकमेकांना इतके खेटून उभे की सपाट जागा म्हणजे ओढ्याकाठची अरुंद पट्टी. त्या पट्टीतच ओढा, रेल्वे, रस्ता आणि घरं. दोन डोंगरांमधल्या घळीला तिथे ‘हॉलर’ म्हणतात, आणि माणूस कुठला हे त्याच्या हॉलरवरून ठरतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत, आणि हल्ली भाषणं कुठेही पोचतात.

माझा जन्म तिथलाच. बाबा सांगलीचे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या बहुतेक परदेशी डॉक्टरांना शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. पण जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते. कोळसापट्ट्यातल्या छोट्या छोट्या हॉस्पिटलांत भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो डॉक्टर दिसतात त्यामागे हे एक मोठं कारण. बाबा तीन वर्षांसाठी म्हणून गेले आणि अजून तिथेच आहेत. ते छातीचे डॉक्टर. आमच्याकडे छातीचा डॉक्टर म्हणजे खाणकामगारांच्या फुफ्फुसात बसलेल्या धुळीचा डॉक्टर.

नोकरीला लागल्यावरची पहिली पालकसभा. एक आजोबा आले, नाकाला ऑक्सिजनची नळी, चाकांचं सिलिंडर मागून ओढत. तिथे नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा फार आहेत. काही घरांत आईबाप कामासाठी लांब गेलेले असतात, काही घरांत गोळ्यांच्या व्यसनाने नेलेले. आजोबांनी नातवाचं प्रगतिपुस्तक न उघडताच घडी घालून खिशात टाकलं आणि विचारलं, “तू डॉक्टरांची ना? तुझ्या बापाने माझ्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरून मला सगळं समजावून सांगितलं होतं. त्याआधी फोटो खूप जणांनी काढले, दाखवला कुणीच नव्हता.” मग उठता उठता, “पोरगं त्रास द्यायला लागलं तर मला फोन कर.” त्या एका एक्सरेच्या पुण्याईवर त्या हॉलरमधली सगळी मुलं वर्षभर माझ्या तासाला गप्प बसली. शिक्षणशास्त्राच्या पदवीत हे शिकवत नाहीत!

तिकडे एक जुना विनोद आहे. शाळेत तीन गोष्टी शिकवतात: वाचणं, लिहिणं आणि ॲक्रनचा रस्ता. ॲक्रन हे ओहायोतलं शहर, तिथे टायरचे कारखाने होते. कुणी ॲक्रनला गेलं, कुणी डेट्रॉइटला, कुणी शिकागोला. शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून डोंगरात यायचं, रविवारी रात्री परत. कोकणातल्या चाकरमान्यांचं जे, तेच. विनोद म्हणून लोक हसतात, पण मला त्यात आमच्या शाळांवरचा आरोपच दिसतो. शंभर वर्षं आम्ही हुशार मुलाला गाव सोडायला शिकवलं. गाव ओस का पडलं, हे मात्र शिकवलं नाही. मग जे पोर मागे राहतं, त्याला वाटतं की चूक आपल्याच माणसांची. आजोबा आळशी, काका दारुडा, म्हणून हे असं. बाहेरचेही तेच सांगतात. 1964 साली अध्यक्ष जॉन्सन शेजारच्या केंटकी राज्यातल्या आयनेझजवळ एका गरिबाच्या ओसरीवर जाऊन बसले. गरिबीविरुद्धच्या लढाईचा तो फोटो देशभर गेला. तेव्हापासून कॅमेरेवाले येतात आणि चांगल्या घरांवरून पुढे जाऊन मोडक्या पायऱ्यांचं घर शोधतात.

मी आठवीला राज्याचा इतिहास शिकवते. वेस्ट व्हर्जिनियात हा विषय आठवीत असतो आणि त्याची एक गमतीदार परीक्षा असते, ‘गोल्डन हॉर्सशू’, म्हणजे सोन्याची नाल. 1931 पासून चालू आहे. प्रत्येक काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, वरची मुलं चार्ल्स्टनला, राजधानीत, जातात. तिथे ती गुडघा टेकून बसतात, राज्याचे शिक्षणप्रमुख त्यांच्या खांद्याला तलवार टेकवतात, आणि पोरं ‘नाइट’ किंवा ‘लेडी’ होऊन उठतात. अगदी राजाच्या दरबारासारखं, तेही राजाला हाकलून दिलेल्या देशात. हसू येतं, पण खरं सांगते, अख्ख्या वर्षात मुलं मन लावून अभ्यास करतात ती याच परीक्षेचा. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरांतही आजीची नाल भिंतीवर टांगलेली असते. आजी आठवीत होती तेव्हाची.

तर, इतिहासाचा तास. मी मुलांना सांगितलं, घरात खाणीशी संबंधित जुनं काही असेल तर विचारून आणा. कुणी हेल्मेट आणलं, कुणी डब्याची ॲल्युमिनियमची बादली. तिच्यात खाली पाणी आणि वर जेवण असायचं. एका मुलाने मोज्यात गुंडाळून एक पितळी नाणं आणलं. मधोमध अक्षर कापून काढलेलं, कडेने खाणकंपनीचं नाव. हे ‘स्क्रिप’. कंपनीचं घर, कंपनीचं दुकान, कंपनीचा डॉक्टर. घराचं भाडं, सुरुंगाची दारू, दिव्याचं तेल, अवजारांची धार, सगळं पगारातून कापून घ्यायचं. पुढच्या पगाराआधी पैसे लागले तर डॉलरऐवजी ही नाणी हातावर ठेवायची, आणि ती चालणार त्याच कंपनीच्या दुकानात. बाहेर कुणी घेतलंच तर बट्टा कापून. नाणं बाकांवरून फिरत असताना एका मुलीने विचारलं, “मग मामाकडे ओहायोला जायचं झालं तर तिकीट कसं काढायचं?” मागून एकजण म्हणाला, “नाहीच काढायचं. म्हणून तर आपण इथे आहोत.” वर्ग खो खो हसला. मग त्याच मुलाने विचारलं, “पण मग नंतर एवढे सगळे गेले कसे?”

त्या वर्षी मला आलेला सर्वांत चांगला प्रश्न. उत्तर फळ्यावर मांडता येतं. आमच्या शेजारची मॅकडॉवेल काउंटी घ्या. 1950 साली तिथे जवळजवळ 99 हजार माणसं होती. 2020 च्या जनगणनेत 19 हजार. युद्ध नाही, साथ नाही, तरी पाचातली चार माणसं गेली. त्याच 1950 साली खाणकामगारांच्या युनियनचे पुढारी जॉन लुइस यांनी मालकांशी करार केला. यंत्रं येऊ द्या, पण राहतील त्यांना चांगला पगार, पेन्शन आणि दवाखाने द्या. करार वाईट होता असं मी म्हणत नाही. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या दवाखान्यांनी माणसं वाचवली. पण कोळसा कापून पट्ट्यावर टाकणारं यंत्र आलं आणि दहा जणांचं काम दोघांवर आलं. जमीन तर आधीच गेलेली. रेल्वे यायच्या सुमारासच डोंगराखालच्या कोळशाचे हक्क बाहेरच्या कंपन्यांनी किरकोळ भावात लिहून घेतले होते. जमिनीवर काम नाही, जमिनीखालचं आपलं नाही. हे समजलं की मुलगा काकाकडे वेगळ्या नजरेने बघतो. निदान बघू शकतो.

या इतिहासातलं एक पान फार वर्षं शाळेत नीट वाचलंच गेलं नाही. 1920 च्या मे महिन्यात मेटवान गावात, संघटना केली म्हणून खाणकामगारांची कुटुंबं घराबाहेर काढायला मालकांचे भाडोत्री डिटेक्टिव्ह आले. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला, आणि गोळीबारात दहा माणसं मेली. पुढच्या वर्षी हजारो हत्यारबंद कामगार गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर माउंटनवर चालून गेले. ते थांबवायला देशाचं सैन्य बोलवावं लागलं. मेटवानला त्याचं संग्रहालय झालं ते 2015 साली, तेही लोकांनी उभं केलेलं. मी मुलांना तिथे नेते. भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणांत बोटं घालून बघतात. आडनावं वाचतात आणि ओरडतात, “हे आमचे!” दोन्ही बाजूंची आडनावं एकाच वर्गात निघतात, तेव्हा बसमध्ये बसवताना जरा लक्ष द्यावं लागतं.

लाल रुमाल मी स्वतः पाहिले 2018 साली. मी तेव्हा शाळेत शिकत होते, शेवटच्या वर्षाला. पगार देशात जवळजवळ तळाला, त्यात विम्याचे हप्ते वाढणार, शिवाय फिटनेसचं ॲप वापरा नाहीतर महिन्याला पंचवीस डॉलर भरा, असा एक फतवा निघाला होता. 22 फेब्रुवारीला राज्यातल्या सगळ्या, म्हणजे 55 काउंटींतल्या शाळा बंद झाल्या. तिथे सरकारी नोकरांना संपाचा हक्क कायद्याने नाही. सुरुवात आमच्याच कोळसापट्ट्यातून झाली होती, मिंगो, लोगन, वायोमिंग या काउंटींतून, एक दिवसाच्या बंदने. माझ्या इंग्रजीच्या बाई, ज्यांचा आवाज वर्गाबाहेर जात नसे, गळ्यात लाल रुमाल बांधून विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा देत होत्या. तेव्हाचे राज्यपाल जिम जस्टिस स्वतः कोळशाच्या खाणींचे मालक, हा योगही बघा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच टक्के पगारवाढ मिळाली आणि ती सगळ्या सरकारी नोकरांना मिळाली.

पण मला शिक्षिका व्हावंसं वाटलं ते घोषणांमुळे नाही. संपाच्या आदल्या दिवशी बाईंनी आम्हा मोठ्या मुलांना थांबवून घेतलं आणि खाऊच्या पिशव्या भरायला लावलं. शाळा बंद म्हणजे कित्येक मुलांची न्याहारी आणि जेवण बंद. मॅकरोनी, पीनट बटर, डब्यातलं फळ, दुधाची पावडर. आजही शुक्रवारी आम्ही तशा पिशव्या देतो, शनिवार-रविवारसाठी. कोण घेतं हे दुसऱ्या मुलांना कळू नये म्हणून दप्तरात आधीच ठेवतो. सुटीनंतर सोमवारी काही मुलं न्याहारीला सगळ्यांत आधी येतात. त्यांची नावं मला पाठ आहेत.

परत येणाऱ्या मास्तरांची या डोंगरात जुनी परंपरा आहे. काळ्या लोकांच्या शिक्षणाचे पुढे मोठे पुढारी झालेले बुकर टी. वॉशिंग्टन गुलामीतून सुटल्यावर लहानपणी इथल्याच माल्डन गावात मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबले. शिकून 1875 साली परत तिथेच मास्तर झाले. सकाळी आठला सुरू केलेलं काम रात्री दहापर्यंत चालायचं असं त्यांनी लिहिलं आहे, आणि केस विंचरणं, दात घासणं हेही शिकवलं. पुढे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा पाया घालणारे कार्टर वुडसनही फायेट काउंटीच्या खाणीत कोळसा उपसत होते. 1898 साली ते तिथेच, विनोनाला, काळ्या खाणकामगारांच्या मुलांना शिकवायला आले.

आणि केंटकीतल्या कोरा विल्सन स्टुअर्ट. त्या रोवन काउंटीच्या शाळांच्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडे एक म्हातारी यायची, शिकागोला गेलेल्या मुलीची पत्रं वाचून घ्यायला. 1911 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग काढले, चांदण्या रात्रीच, कारण अंधारात त्या वाटांनी चालणं शक्य नव्हतं. शे-दीडशे लोक येतील असा अंदाज होता, पहिल्याच रात्री बाराशेच्या वर आले. पोरं तान्ही घेऊन बायका आल्या, शहाऐंशी वर्षांचे आजोबाही. शिक्षक सगळे बिनपगारी, दिवसभर मुलांना शिकवून आलेले.

हे तिघेही पुढे निघून गेले, हेही मी मुलांना सांगते. वॉशिंग्टन अलाबामाला, वुडसन देशाच्या राजधानीला. जाणं म्हणजे दगा असं मला मुळीच वाटत नाही. माझे आईबाबाच सांगली सोडून आलेले, मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण जाणाराने कारण माहीत असताना जावं आणि राहणाऱ्याने शरमेने राहू नये, एवढं तरी इतिहासाच्या तासाला जमायला हवं.

शाळांचंच बघा. 1990 नंतर दहा-बारा वर्षांत राज्यात तीनशेहून जास्त शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळल्या. कागदावर खर्च वाचला. प्रत्यक्षात माझ्या वर्गातला एक मुलगा हिवाळ्यात अंधारात बसमध्ये चढतो आणि अंधारात उतरतो, कारण हॉलरमधून बाहेर पडायला एकच रस्ता आणि तोही वळणांचा. पहिल्या तासाला तो झोपतो. मी उठवत नाही. बर्फ पडलं की शाळा बंद, पूर आला की शाळा बंद, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो म्हणून सुट्टी. ही शेवटची सुट्टी ऐकून तुम्ही हसलात, पण त्या आठवड्यातल्या मांसावर काही घरांचा हिवाळा निघतो.

‘तू तिथे किती दिवस राहणार?’ हा प्रश्न मला इथे आल्यापासून प्रत्येक मावशीने विचारला आहे, आणि तिकडेही विचारतात. नव्या शिक्षकांपैकी बरेच दोन-तीन वर्षांत जातात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढच्या वर्षाचा करार मी केला आहे. ऑगस्टमध्ये शाळा उघडेल तेव्हा आठवीबरोबर सातवीही माझ्याकडे असेल, कारण त्या जागेसाठी एकही अर्ज आला नाही. सातवीचं पुस्तक मी सोबत आणलं आहे, परतीच्या विमानात वाचीन. आता तुमचे प्रश्न घेते.