पावसाळी लाइन बुजवण्याआधी बघून घ्या

नमस्कार मंडळी. आज आपण बांधकाम चालू असताना पावसाळी लाइन, म्हणजे आवारातलं पावसाचं पाणी बाहेर नेणारे जमिनीखालचे पाइप, कशी तपासायची ते बघू. नवीन साइट इंजिनिअरांसाठी हा व्हिडिओ आहेच, पण ज्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे त्या कमिटीवाल्यांनीही शेवटपर्यंत बघा.

रंग, टाइल्स, लिफ्ट या गोष्टी ताबा घेताना बघता येतात. पावसाळी लाइन तेव्हा दिसतच नाही. तिच्यावर माती पडलेली असते, पेव्हर ब्लॉक बसलेले असतात आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिलही निघालेलं असतं. चर उघडा आहे तेवढेच दिवस आपल्या हातात.

आधी जरा हिशेब करू, म्हणजे पाइपाच्या उतारासाठी मी एवढा जीव का काढतो ते कळेल.

(स्क्रीनवर आकडेमोड)

एक एकराचा प्लॉट घ्या, ४,०४७ चौरस मीटर. पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरू. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या अहवालाने, तो आकडा ५० वर नेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, पण तेवढ्या पावसासाठी सोसायटीत कोणी पाइप टाकत नाही. आवारात सगळं काँक्रीट, म्हणजे ९० टक्के पाणी वाहून येणार असं धरलं तर सेकंदाला साधारण ५० लिटर होतात.

आता ३०० मिलिमीटरचा हुमपाइप, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा पाइप, १:२०० च्या उताराने, म्हणजे २०० मीटरला एक मीटर खाली, टाकला, तर भरून वाहताना तो सेकंदाला साधारण ६८ लिटर नेतो. म्हणजे १८ लिटरची सवड आहे.

चला साइटवर. लाइनवर तपासणीसाठी ठेवलेल्या दोन चेंबरमध्ये ३० मीटर अंतर आहे. १:२०० ने तेवढ्यात १५० मिलिमीटर उतार मिळायला हवा. लेव्हल मशीन, म्हणजे उंची-खोलीचा फरक मोजायची दुर्बीण, लावा, आणि स्टाफ, म्हणजे ती आकड्यांची उंच पट्टी, पाइपाच्या आतल्या तळावर धरा. पाइपाच्या डोक्यावर नाही, आतल्या तळावर. पहिल्या चेंबरला वाचन आलं १.८५०. मग दुसऱ्याला २.००० यायला पाहिजे. वाचन वाढलं की तळ खाली गेला. नवीन पोरं हमखास उलटं समजतात. आणि समजा आलं १.९३०. म्हणजे उतार मिळाला फक्त ८० मिलिमीटर.

नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. मिस्त्री बादलीभर पाणी ओतून म्हणणार, "बघा साहेब, वाहतंय की!" खरंय, वाहतंय. पण उतार झाला १:३७५, आणि पाइपाची क्षमता ६८ वरून जेमतेम ५० लिटरवर आली. सगळी सवड संपली, तीही नवीन पाइपात, गाळाचा कण नसताना. बादलीची चाचणी मी तरी मानत नाही. वाचन घ्या आणि मोजमाप पुस्तिकेत लिहा.

फक्त दोन टोकांची वाचनं घेऊनही भागत नाही. हुमपाइप बहुधा अडीच मीटरचा असतो, म्हणजे या ३० मीटरमध्ये बारा पाइप बसले. दोन्ही टोकं बरोबर असली तरी मधला एखादा पाइप खाली खचलेला असू शकतो. त्याला पोट पडलं म्हणतात. तिथे पाणी साचतं, गाळ धरतो. काळ्या मातीत हे जास्त होतं, कारण ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून पाइप टाकण्याआधी चराचा तळ बघा: काळी माती काढून मुरूम भरलाय का, चोपलाय का, ड्रॉइंगप्रमाणे पीसीसी, म्हणजे सळईशिवायचा काँक्रीटचा थर, झालंय का. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूला आधार दिल्याशिवाय स्वतः उतरू नका, दुसऱ्यालाही उतरवू नका.

पोट पकडायची सोपी युक्ती म्हणजे आरसा आणि टॉर्च. एका चेंबरमध्ये टॉर्च धरायचा, दुसऱ्यात तिरका आरसा. आरशात पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. चंद्रकोर दिसली तर कुठेतरी गडबड आहे, किंवा आत काहीतरी पडलंय. दहा मिनिटांचं काम, आणि माती पडण्याआधीच करायचं.

जोडांचं थोडक्यात: पाइपाचं रुंद तोंड चढाच्या बाजूला हवं, आणि जोडातून आत आलेला मसाला ओला असतानाच पुसायचा. वाळला की त्याचा बांध होतो. भराई करताना आधी पाइपाच्या दोन्ही कुशीत मुरूम हाताने चोपायचा, मग वर साधारण फूटभर बारीक भराव. जेसीबीने दगडगोटे थेट पाइपावर ओतत असतील तर तिथल्या तिथे काम थांबवा. तडा गेलेला पाइप नंतर दिसत नाही. वरची फरशी खचल्यावरच कळतं.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. लाइन बिघडते ती बहुतेक वेळा पावसाने नाही, साइटनेच बिघडवलेली असते. लाइन टाकून झाली तरी इमारतीचं काम वर्षभर चालू असतं. काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर धुतला, पाणी जाळीत, म्हणजे आवारातलं पाणी लाइनमध्ये घेणाऱ्या लोखंडी जाळीत. टाइल्स कापल्या, ती पांढरी पेस्ट जाळीत. गिलाव्याचा राडारोडाही तिथेच. सिमेंटचं पाणी पाइपात जाऊन बसलं की त्याचा दगड होतो, आणि तो जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पाइप साफ करणाऱ्या जेटिंग मशीनलाही सहज दाद देत नाही. पाइपात चौथाई उंचीपर्यंत गाळ बसला तरी तोंडाचं जवळपास २० टक्के क्षेत्र गेलं म्हणून समजा.

यावर उपाय म्हणून साइटवर पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबतात. उपाय चांगला आहे. पण तो गोणपाट काढायचा कोणी? ज्याने कोंबला तो मजूर गावी गेला, सुपरवायझर दुसऱ्या साइटवर गेला, चेंबरवर झाकण बसलं. पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. म्हणून बंद केलेल्या प्रत्येक तोंडाची यादी साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा, आणि तोंड उघडलं की यादीत त्याच्यापुढे तारखेसह सही घ्या. मिक्सर धुवायला वेगळा खड्डा करा. पावसाळा मध्ये येत असेल तर मातीच्या ढिगाऱ्यापुढे वाळूची पोती लावा, आणि जाळीच्या आधी गाळ बसायला एक छोटी टाकी ठेवा. ती टाकी उपसायचीही असते, हे सांगावं लागतं. पाणी जिरवण्याचा शोषखड्डा तर सगळ्यात शेवटी जोडा. त्याच्या वाळूत एकदा सिमेंट बसलं की आतला सगळा थर बदलण्याशिवाय गत्यंतर नाही.

बाहेरची जोडणी मात्र सगळ्यात आधी तपासा. महापालिकेच्या चेंबरचा तळ आपल्या शेवटच्या चेंबरपेक्षा खाली आहे ना, हे खोदकाम सुरू होण्याआधी मोजा. शेवटी मोजून वर निघाला तर पंप बसवायचा खर्च सोसायटीच्या गळ्यात. आणि पावसाळी लाइन मैलापाण्याच्या लाइनला जोडली जात नाही ना, तेही बघा. तशी जोडली तर पावसात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं वर येतं. खात्री करायला गच्चीच्या पाइपात रंगीत पाणी ओता आणि ते कुठल्या चेंबरमध्ये निघतं ते बघा. एक मात्र पक्कं: चालू लाइनला जोडलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. आत विषारी वायू असू शकतो.

जाळ्यांचं एका वाक्यात: जाळी फरशीपेक्षा बोटभर खाली हवी, नाहीतर पाणी तिला वळसा घालून जातं.

कमिटीवाल्यांनी बिल्डरकडे तीन गोष्टी मागायच्या: प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा, प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी, आणि चर उघडा असतानाचे फोटो, ज्यात स्टाफवरचा आकडा वाचता येतोय. ताब्याच्या वेळी नाही, काम चालू असतानाच मागा.

आणि पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन खाली या. दोघं जण सोबत घ्या, झाकणं उघडा, आणि उघड्या चेंबरपाशी एक माणूस उभा ठेवा. एक चेंबर तुडुंब आणि त्याच्या पुढच्यात पाणी टिपूसभर असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधेच आहे. तेवढाच भाग खोदायला सांगा, सगळं आवार नाही.