बुडवायचं की शिंपडायचं?

नमस्कार मंडळी. आज विषय पाण्याचा आहे, म्हणजे बाप्तिस्म्याला, माणसाला पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या विधीला, पाणी किती लागतं याचा, आणि ऐकणारे ख्रिस्ती असोत नसोत, जरा बसा, कारण गोष्ट भांडणाची आहे आणि भांडण ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

आमच्या घरी, नगर जिल्ह्यात, यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं. आजी जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतली. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाळक साहेबांनी पाणी शिंपडलं की झाला बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं, विषय संपला. धाकटा काका मात्र पंचविशीत दुसऱ्या मंडळीत जायला लागला आणि एका रविवारी कॅनॉलवर जाऊन छातीभर पाण्यात बुडून परत बाप्तिस्मा घेऊन आला. ओले कपडे दोरीवर टाकता टाकता म्हणाला, आता खरा झाला. आजी म्हणाली, मग मी तुला मांडीवर घेऊन उभी राहिले होते तो काय नाटकातला होता का रे? त्यानंतर दोन महिने ती त्याला जेवायला वाढायची पण नावाने हाक मारायची नाही.

आता गंमत बघा, हेच भांडण १८१२ साली एका जहाजावर झालं, नवराबायकोत झालं, आणि आजी ज्या मिशनमधली ते मिशन त्याच गडबडीतून मुंबईला आलं. अडोनिरम जडसन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण, अमेरिकेत काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या, पाळकाचा मुलगा, नुकतं लग्न झालेलं, बायको ॲन बरोबर, फेब्रुवारीत सेलम बंदरातून कॅरव्हॅन जहाजाने मिशनरी म्हणून कलकत्त्याला निघाला. त्याला माहीत होतं की तिथे जवळच सिरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी आणि मंडळी भेटणार, ते बाप्टिस्ट, म्हणजे फक्त कळत्या माणसाला आणि पुरतं बुडवूनच बाप्तिस्मा देणारे, आणि ते आपल्याला विचारणार की बाबा तुम्ही बाळांना का देता. म्हणून हा पठ्ठ्या जहाजावर ग्रीक नवा करार उघडून उत्तरं तयार करायला बसला. चार महिन्यांचा प्रवास, वेळच वेळ. आणि उत्तरं शोधता शोधता याचंच मत फिरायला लागलं! ॲनने त्याला सरळ सांगितलं होतं की तू झालास बाप्टिस्ट तरी मी होणार नाही. पुढे कलकत्त्यात तीही पुस्तकं घेऊन बसली, आणि सप्टेंबर १८१२ मध्ये दोघांनी तिथल्या बाप्टिस्ट चॅपलमध्ये पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. ज्यांना वादात हरवायला तयारी केली त्यांच्याकडूनच. ज्या बोर्डाने खर्च करून पाठवलं त्यांना पत्र लिहून नोकरी सोडली, पगार गेला, आणि पुढचं आयुष्य बर्मात.

मागून दुसऱ्या जहाजाने आलेला ल्यूथर राइस, तोही फिरला. पण त्याच जहाजावरचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फिरले नाहीत, ते आपल्या जुन्या मतावर राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तेच ते अमेरिकन मराठी मिशन, मुंबई, मग नगर, मग आमची आजी. म्हणजे हॉल आणि नॉट जर त्या वेळी फिरले असते तर आजीला कदाचित कॅनॉलवरच नेलं असतं आणि काकाला बंडच करता आलं नसतं.

बरं, जडसन अडला कुठे? एका क्रियापदावर. ग्रीकमध्ये बाप्टिझो. त्याचा साधा अर्थ बुडवणे. जहाज बुडालं तरी ग्रीक लोक हाच शब्द वापरायचे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कोडी झालेला नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो तिथेही हाच. काका म्हणेल, झालं ना सिद्ध? थांबा. लूकच्या अकराव्या अध्यायात परूशाला, म्हणजे एका कर्मठ यहुद्याला, नवल वाटतं की येशू जेवणाआधी बाप्टिझो न करता बसला, आता जेवायच्या आधी कोणी डुबकी मारतं का, हातच धुतात. मार्कच्या सातव्यात पेले, घागरी यांच्या धुण्यालाही त्याच कुळातला शब्द. मग आजी म्हणेल, बघ.

आणि एक जुनं लिखाण आहे, दिदाखे, अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या काळातलं. त्यात सांगितलंय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट चालेल, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. किती समजूतदार! दुष्काळी भागातल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं मला. पण याचं हस्तलिखित सापडलं १८७३ साली, कॉन्स्टँटिनोपलला, आणि छापलं गेलं १८८३ मध्ये. जडसन तोवर कधीच गेला होता.

इथे एक घोळ होतो तो सांगतो, कारण आमच्या घरातही झाला. भांडणं खरं तर दोन आहेत. एक, पाणी किती. दुसरं, वय किती. ती एकच आहेत असं समजून लोक भांडतात. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला परत बाप्तिस्मा दिला, ते घरात, पाणी ओतून, नदीबिदी काही नाही. मुद्दा होता की लहानपणी न विचारता दिलेला बाप्तिस्मा आम्ही मानत नाही. तेवढ्यावर नगर परिषदेने कायदा केला, आणि त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मत नदीत बुडवून मारलं. पाण्यासाठी भांडतोस तर घे पाणी, असला क्रूर विनोद. आणि मारणारे काही पोपचे लोक नव्हते बरं का, झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली, त्याच्या सुधारणेतले, शास्त्र हाच आधार म्हणणारे. दोघांच्या हातात तेच पुस्तक.

त्या पुस्तकात दोघांनाही पुरेल एवढं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तुरुंगाचा अधिकारी रातोरात घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतो, लुदियाचं घराणंही घेतं, तर घरात पोरं नसतील का? आजीच्या बाजूचे हे विचारतात, आणि आठव्या दिवशी सुंता व्हायची तसाच हा करार म्हणतात. काकाच्या बाजूचे म्हणतात, विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो असा क्रम आहे, तान्हं पोर विश्वास काय धरणार, ते दूध धरतं. मग तारणाचं येतंच. बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही म्हणणारे प्रेषितांचा दुसरा अध्याय काढतात, पापांची क्षमा व्हावी म्हणून बाप्तिस्मा घ्या असं पेत्र सांगतो, आणि त्यांना उत्तर म्हणून हमखास येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला चोर येतो, येशू त्याला म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, त्याला कोणी पाण्यात नेलं? त्यावर परत उत्तर, तो जुन्या कराराच्या काळातच मेला. हा चोर बिचारा दोन हजार वर्षं साक्षीला उभा आहे. मला विचाराल तर अपवादावर नियम बांधू नये, पण नियमाने अपवादाला बाहेर काढणंही मला कधी पटलेलं नाही.

पण मला खरी मजा वाटते ती भाषांतराची. बंगालमधल्या बाप्टिस्टांचं म्हणणं, ग्रीक शब्दाला अर्थ आहे ना, मग बंगालीत सरळ बुडवण्याचा शब्द घाला. लंडनची बायबल सोसायटी, १८०४ ची, सगळ्या पंथांच्या वर्गणीवर चालणारी, ती म्हणाली तसं केलंत तर पैसे नाहीत, शब्द जसाच्या तसा ठेवा म्हणजे कोणाला टोचणार नाही. अमेरिकेतही तेच, तिथे बाप्टिस्टांनी १८३६ मध्ये वेगळी सोसायटी काढली, इंग्लंडमध्ये १८४० ला. एका शब्दासाठी दोन संस्था! जडसनने बर्मीत बुडवण्याचाच शब्द घातला. आणि लूथरचा जर्मन शब्द बघा, तोही मुळात बुडवण्याचा, पण तोच शब्द म्हणत तिथे बाळांच्या डोक्यावर पाणी घालतात. म्हणजे शब्द नीट निवडला की भांडण मिटेल ही आशाच फोल.

आपल्या मराठीत काय झालं? बाप्तिस्मा. ग्रीक शब्द आला आणि पाहुण्यासारखा राहिला तो राहिलाच, आता तर खेड्यातली म्हातारीही तो सहज म्हणते. कॅथलिक लोक स्नानसंस्कारही म्हणतात, त्यात निदान पाणी दिसतं. बाप्तिस्मा शब्दात मराठी कानाला काहीच दिसत नाही, ना बुडणं, ना शिंपडणं. आजीला त्यात मांडीवरचं बाळ दिसायचं, काकाला कॅनॉल. मला वाटतं त्यामुळेच दोघं एका घरात राहू शकले. शब्द बुडवणे असता तर आजी दर रविवारी वाचताना हरली असती, आणि शिंपडणे असता तर काका.

पंडिता रमाबाईंचं बघा. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज, त्या दिवशी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या मनोरमेचाही. आई पंचविशीतली, संस्कृतची पंडिता, विचार करकरून आलेली. मुलगी दोन वर्षांची. दोघींना एकाच दिवशी. आणि पुढे याच रमाबाई तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून खडसावत राहिल्या की चर्च म्हणतं म्हणून नाही, शास्त्रात दाखवा. शेवटी केडगावला बसून मूळ हिब्रू ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या, छापून आलं १९२४ ला. आणि रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १९१७ मध्ये देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही घेतले, यावर त्यांच्याच लोकांच्या भुवया वर गेल्या असणार.

आता वेळ संपत आलीय, समोर काचेतून हात दाखवतायत. एक काम सांगतो. घरी बायबल असेल तर प्रेषितांचा आठवा अध्याय काढा. कूशी षंढ रथातून चाललाय, शेजारी त्याला शास्त्र समजावणारा फिलिप, पाणी दिसतं, म्हणतो हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? हे छत्तिसावं वचन. अडतिसाव्यात दोघं पाण्यात उतरतात. मधलं सदतिसावं, पूर्ण अंतःकरणाने विश्वास धरत असशील तर हरकत नाही, हे सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीच. त्याचा प्रश्न तसाच राहतो आणि फिलिप काही न बोलता उतरतो. तुमच्याकडे ते वचन कंसात आहे, तळटिपेत आहे, की सरळ छापलंय ते बघा आणि स्टेशनच्या पत्त्यावर कळवा. काकाच्या बायबलात त्याच्याखाली लाल पेनाने दोन रेघा आहेत.