प्राप्तिस्थानाचा रकाना

नमस्कार.

संग्रहालयाच्या नोंदवहीत 'प्राप्तिस्थान' नावाचा एक रकाना असतो. वस्तू कुठल्या गावात सापडली, कोणाच्या शेतात, किती खोल, तिच्या आजूबाजूला काय होतं, हे तिथे लिहायचं. उमेदवारीच्या काळात मी एका संग्रहालयात नोंदणीच्या कामावर होते. तेव्हा पानंच्या पानं हा रकाना कोरा पाहिला आहे. मूर्ती डोळ्यांत भरणारी, आणि तिच्याबद्दल सांगायला एक ओळ नाही. ती हळहळ मनात राहिली, म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे इतिहासकार आल्फा उमर कोनारे यांच्या कामाकडे मी ओढली गेले.

जन्म १९४६चा, पश्चिम मालीतल्या 'काय' (Kayes) नावाच्या गावचा. राजधानी बामाकोला इतिहास शिकले आणि पोलंडला, वॉर्सा विद्यापीठात, पुरातत्त्वात डॉक्टरेट केली. १९७५ मध्ये परत आल्यावर सरकारच्या ऐतिहासिक वारसा विभागाचे प्रमुख झाले. १९७८ मध्ये मुसा त्राओरे यांच्या लष्करी राजवटीत मंत्री झाले. दोन वर्षांत राजीनामा देऊन बाहेर पडले. पत्नी आदाम बा कोनारे याही इतिहासकार. दोघांनी मिळून मालीच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखांचं पुस्तक केलं. पुढे १९८९ मध्ये कोनारे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचे, म्हणजे आयकॉमचे, अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले आफ्रिकी. आणि १९९२ मध्ये थेट मालीचे राष्ट्राध्यक्ष! राष्ट्राध्यक्षपद मोठंच, पण मला त्यांची खरी ओळख पटते ती मातीच्या मूर्तींपाशी.

नायजर नदी मालीच्या मध्यावर पसरते, पाणथळ मुलूख तयार करते. तिथल्या जेन्ने शहराजवळ जेन्ने-जेनो नावाचं टेकाड आहे. १९७७ मध्ये सुझन आणि रॉडरिक मॅकिंटॉश या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. तोवर समज असा, की पश्चिम आफ्रिकेत शहरं आली ती सहारा ओलांडून येणाऱ्या अरब व्यापाराबरोबर. टेकाडाचे थर एकेक करून उलगडत गेले तेव्हा कळलं, की इथली वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे २५० पासूनची आहे, आणि ती इथल्याच माणसांच्या हातून वाढत शहर झाली. एका अख्ख्या खंडाबद्दलचा गैरसमज त्या थरांनी मोडून काढला. थर जागेवर होते म्हणूनच.

पण याच मुलखातल्या भाजक्या मातीच्या मूर्तींना युरोप-अमेरिकेत सोन्याचा भाव आला. इकडे साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ. पीक गेलेलं, गुरं गेलेली. दलाल गावात यायचा आणि टेकाडं खणायला माणसं लावायचा. खणणाऱ्याच्या हाती दिवसाची भाकरी, मूर्ती मात्र पॅरिस-न्यूयॉर्कच्या दुकानात. तिथे मूर्तीला बारीक भोक पाडून माती काढतात आणि प्रयोगशाळेतून तिचं वय ठरवून घेतात. वय कळतं, पण ती कोणाच्या घरात होती, शेजारी काय पुरलेलं होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कुदळीने ते पान कायमचं फाडलेलं असतं.

कोनाऱ्यांना याची झळ मनापासून लागली होती. १९८५ मध्ये मालीत वारसा संरक्षणाचा कायदा आला. कोनारे राष्ट्राध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, जेन्ने, टिंबक्टू आणि बांदियागारा या तिन्ही ठिकाणी 'सांस्कृतिक मिशन' नावाची कार्यालयं उघडली. माणसं गावोगाव जाऊन बोलू लागली, राखणदार समित्या बसल्या. त्याच वर्षी अमेरिकेने मालीतून खणून काढलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. आफ्रिकेतल्या कोणत्याही देशासाठी अशी ही पहिली बंदी. फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांना तर वाढदिवसाला मातीचा एक मेंढा भेट मिळाला होता, तो निघाला मालीतून चोरलेला! आयकॉमने पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये मेंढा मालीच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी परत आला.

चोरी थांबली का? नाही. पहारा आणि कायदा हवाच, पण ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला कायदा किती दिवस अडवणार? म्हणून मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मालीतल्या डोगोन लोकांच्या मुलखातल्या फोंबोरी गावची गोष्ट. ही कल्पना कोनाऱ्यांची नव्हे, पण त्यांच्याच कारकिर्दीत ती रुजली. गावातल्या बायकांच्या मंडळाने छोटं संग्रहालय काढलं आणि १९९७ पासून त्याला जोडून 'संस्कृती बँक' चालवली. घरातली जुनी वस्तू आणायची, संग्रहालयात तारण ठेवायची, धंद्यासाठी छोटं कर्ज घ्यायचं. वस्तू मालकिणीचीच राहायची, फक्त मांडणीत दिसायची. कर्ज फेडलं की परत न्या, किंवा ठेवा आणि पुन्हा कर्ज घ्या.

आणि कर्जाची रक्कम कशावर ठरायची? बाजारभावावर नाही. वस्तूबद्दल खात्रीची माहिती किती सांगता येते, त्यावर.

आपल्याकडे तारण म्हटलं की सराफाचा काटा आठवतो. इथे काट्याच्या जागी आठवण. बाई समोर बसली आहे, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लाकडी भांडं. लिहिणारा विचारतो, कोणी कोरलं? कोणत्या विधीला बाहेर काढता? तुमच्याकडे कोणाकडून आलं? तिला शेवटचं नीट आठवत नाही. ती उठते, सासूला विचारून येते म्हणते, आणि लिहिणारा वही उघडीच ठेवून थांबतो.