पाकिटातला आकडा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सोसायटीची जुनी लोखंडी टाकी एकदा भंगारात काढायची होती. तीन भंगारवाल्यांकडून बंद पाकिटात भाव मागवले. रविवारी सकाळी सेक्रेटरींनी चहा पिता पिता पाकिटं फोडली. एकाने 18 हजार लिहिले होते, दुसऱ्याने 19 आणि तिसऱ्याने 31 हजार. टाकी अर्थातच तिसऱ्याला मिळाली. पण जिंकल्यावर तोंड उतरलं ते त्याचंच. बाकीचे दोघे मिशीतल्या मिशीत हसत होते. टाकी 20 हजारांतही त्याच्या टेम्पोत चढली असती, हे आता सगळ्यांसमोर उघड झालं होतं.

2006 च्या नोव्हेंबरात बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाची गत थोडीफार अशीच झाली. तिथे पाकीट टाकीचं नव्हतं, एका उजव्या हाताचं होतं. जपानच्या सेइबू लायन्स संघाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, दाइसुके मात्सुझाका याच्यासाठी बोस्टनने लिहिलेला आकडा होता 5 कोटी 11 लाख 11 हजार 111 डॉलर आणि 11 सेंट. अमेरिकन लोक तो 51 मिलियन असा वाचतात, त्यात काही गंमत नाही. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहून बघा, एकामागून एक नुसते अकरा दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचं पाकीट चार कोटींच्याही आत होतं आणि यँकीजचं त्याहून खाली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बोलीत कोटीभर डॉलरचं अंतर.

आणि एवढे पैसे भरून बोस्टनला मिळालं काय? खेळाडू नव्हे! त्याच्याशी 30 दिवस बोलणी करण्याचा हक्क. फक्त बोलण्याचा. त्यातला एक डॉलरही मात्सुझाकाला मिळणार नव्हता, सगळी रक्कम सेइबूच्या खात्यात. पगाराची घासाघीस त्यानंतर, वेगळी.

आयपीएलचा लिलाव पाहिलेल्या आपल्या लोकांना हे विचित्र वाटेल. तिथे हातोडा पडला की तो आकडा खेळाडूचा. पण जपानमध्ये तेव्हा नियम असा, की परदेशी जायला मोकळं व्हायचं तर आधी 9 हंगाम भरावे लागत. मात्सुझाकाचे ते अजून भरले नव्हते. भरेपर्यंत थांबले असते, तर तो फुकट हातून गेला असता. सेइबूला हे कळत होतं, म्हणून त्यांनी त्याला आधीच बाजारात उभं केलं.

हा पाकिटांचा नियम आला तो दोन भांडणांमधून. 1995 मध्ये हिदेओ नोमो या पिचरचं किन्तेत्सू संघाशी बिनसलं. त्याच्या एजंटने करार बारकाईने वाचला आणि त्यात एक फट सापडली. निवृत्त झालेला खेळाडू जपानमध्ये परत खेळला तर जुन्याच संघाकडून खेळेल, असं लिहिलं होतं. अमेरिकेबद्दल चकार शब्द नव्हता. नोमोने ऐन उमेदीत निवृत्ती जाहीर केली आणि तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्समध्ये दाखल झाला. त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. मग हिदेकी इराबू. त्याच्या संघाने त्याचे हक्क परस्पर सॅन दिएगो या अमेरिकन संघाला देऊन टाकले. हा म्हणाला, मी खेळेन तर यँकीजकडूनच, आणि त्याने ते करून दाखवलं. 1998 मध्ये दोन्ही देशांनी बसून बंद पाकिटाची पद्धत ठरवली. अमेरिकन संघांनी आकडे कमिशनरच्या, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या प्रमुखाच्या, कार्यालयात द्यायचे. जपानी संघाला फक्त सगळ्यात मोठा आकडा कळवायचा, कोणाचा ते सांगायचं नाही. पटला तर हो म्हणायचं. ही सगळी सोय मालकांची होती. खेळाडूला कुठे जायचंय, हे कोणी विचारतच नव्हतं.

पाकिटातल्या आकड्यांचेही मजेदार किस्से आहेत. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो, तशी शेवटच्या आकड्यांत कारागिरी चालायची. त्याच हिवाळ्यात यँकीजने केइ इगावासाठी 2 कोटी 60 लाख 194 डॉलर लिहिले. वरचे 194 कशाचे? त्याने त्या हंगामात स्ट्राइकआउट केलेल्या, म्हणजे चेंडूवरच चकवून बाद केलेल्या, 194 फलंदाजांचे. आकडा हौसेने लिहिला, पण इगावा काही चालला नाही.

पण मात्सुझाकाच्या हाताला एवढी किंमत का आली, ते समजायचं तर ऑगस्ट 1998 मध्ये जायला हवं. ओसाकाजवळचं कोशिएन मैदान. शाळांच्या अखिल जपान स्पर्धेचं हे ठिकाण, उन्हाळ्यात अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. योकोहामाच्या शाळेचा हा 17 वर्षांचा पोरगा. उपउपांत्य सामना 17 डावांपर्यंत लांबला. नेहमीचे डाव 9 असतात. सगळे 17 डाव यानेच टाकले, 250 चेंडू. क्रिकेटच्या हिशोबात एकट्याने एका दिवसात 41 षटकं आणि वर 4 चेंडू. आणि आदल्या दिवशी त्याने 148 टाकले होते.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. आज हा गोलंदाजी करणार नाही असं ठरलं होतं, म्हणून त्याला डाव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभं केलं. उजव्या हाताला पट्टी गुंडाळलेली. आठव्या डावात योकोहामा 0-6 ने मागे. सामना गेल्यातच जमा. मग योकोहामाने चार धावा काढल्या आणि सीमारेषेजवळ त्या पोराने हातावरची पट्टी टराटरा सोलून काढली. तो नुसता सराव करायला लागला आणि अख्खं मैदान उभं राहिलं. नववा डाव त्याने टाकला, एकही धाव दिली नाही. योकोहामा 7-6 ने जिंकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिला नाही.

जपानमध्ये त्याच्या वयाच्या खेळाडूंना आजही 'मात्सुझाका पिढी' म्हणतात. मला मात्र त्या पट्टीचा विचार आला की पोटात थोडं कालवतं. 17 वर्षांच्या मुलाच्या खांद्याला किती चेंडूंचं आयुष्य असतं? पराक्रम खराच, पण त्या मोठ्या माणसांपैकी एकालाही 'बास कर बाळा' म्हणावंसं वाटलं नाही.

तर हा हात बोस्टनला हवा होता. 2006 च्या मार्चमध्ये पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा, म्हणजे देशादेशांमधल्या स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. शिवाय 'जायरोबॉल' नावाचा एक जादूचा चेंडू त्याच्याकडे आहे, अशी अफवा अमेरिकेत पसरली होती. आपल्याकडे नव्या फिरकीपटूच्या 'मिस्ट्री बॉल'ची होते तशीच चर्चा. तो चेंडू त्याने खरंच टाकला का, यावर लोक अजून वाद घालतात.

बोस्टन वेडं होतं का? नाही, त्यात एक मेख होती. अमेरिकेत संघाचा एकूण पगारखर्च ठराविक मर्यादेपलीकडे गेला की दंडासारखा कर बसतो. जपानी संघाला दिलेली ही रक्कम मात्र त्या हिशोबात धरली जात नव्हती. म्हणजे पाकिटात कितीही ओता, कर नाही. पगारात ओतलं की कर. बोस्टनने भार कुठे टाकला असेल, ते वेगळं सांगायला नको.

भंगारवाल्यापेक्षा बोस्टन एका बाबतीत सुखी होतं. 30 दिवसांत सौदा जमला नाही, तर सगळी रक्कम परत मिळणार होती आणि मात्सुझाका परत सेइबूला जाणार होता. त्याचा एजंट होता स्कॉट बोरास, या धंद्यातला सगळ्यात चिवट माणूस. सेइबूला काय दिलंत त्याच्याशी मला देणंघेणं नाही, माझ्या खेळाडूची बाजारातली किंमत बोला, असा त्याचा पवित्रा. डिसेंबर उजाडला तरी गाठ सुटेना. शेवटी मालक जॉन हेन्री, अध्यक्ष लॅरी लुकिनो आणि संघबांधणी बघणारे थिओ एपस्टाइन स्वतः कॅलिफोर्नियाला जाऊन थडकले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी हेन्रींच्या खासगी विमानात मात्सुझाकाला घेऊनच ते बोस्टनकडे निघाले. करार ठरला 6 वर्षांचा, 5 कोटी 20 लाख डॉलरचा. घोड्याला मिळाले जवळपास तेवढेच घोडेवाल्याला.

मग फळ काय मिळालं? बेसबॉलमध्ये विजय पिचरच्या नावावर लागतो. पहिल्या वर्षी 15 विजय, 201 स्ट्राइकआउट आणि बोस्टनला वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचं, विजेतेपद. त्यातला तिसरा सामना त्यानेच जिंकून दिला. गंमत म्हणजे बॅट हातात घेऊन दोन धावाही मिळवून दिल्या. दुसऱ्या वर्षी 18 विजय आणि फक्त 3 पराभव. आणि मग हात बोलायला लागला. जपानमध्ये 'नागेकोमी' म्हणून सरावाची रीत आहे, रोज ढिगाने चेंडू टाकायचे, हात त्यातूनच कमावला जातो अशी श्रद्धा. बोस्टनचे प्रशिक्षक म्हणत, मोजून टाक. 2009 मध्ये त्याने जपानी नियतकालिकाजवळ ही तक्रार बोलून दाखवली आणि संघ चिडला. 2011 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. सहा वर्षांत बोस्टनसाठी 50 विजय, म्हणजे एका विजयाला 20 लाख डॉलरहून जास्त खर्च. एक विजेतेपद पदरात पडलं, म्हणून मी त्याला तोट्याचा सौदा म्हणणार नाही. पण पाकीट फोडलं तेव्हा हेन्रींच्या पोटात गोळा आला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

2011 च्या डिसेंबरात यू दार्विश या पिचरसाठी टेक्सास संघाने 5 कोटी 17 लाखांचं पाकीट दिलं आणि त्यानंतर पाकिटं बंदच झाली. 2013 मध्ये नवा नियम आला. जपानी संघाला जास्तीत जास्त 2 कोटी डॉलर. तेवढे द्यायला जो तयार असेल, त्या प्रत्येक संघाने खेळाडूशी बोलावं. पहिला फायदा मासाहिरो तानाकाला झाला. यँकीजने त्याला 7 वर्षांचे 15 कोटी 50 लाख दिले, त्याच्या राकुतेन संघाला 2 कोटी. सेइबूशी तुलना करा. तोच बाजार, तीच पिचिंग, फक्त बोलायची मुभा कोणाकोणाला द्यायची ते बदललं आणि पैसा मालकाच्या खिशातून सरळ खेळाडूच्या खिशात सरकला.

2023 च्या डिसेंबरात योशिनोबू यामामोतोची वेळ आली. तोवर नियम टक्केवारीचा झाला होता, म्हणजे खेळाडूच्या करारावर ठराविक टक्के जुन्या संघाला. उंची जेमतेम 178 सेंटीमीटर, वजनं उचलायची नाहीत, भालाफेकीसारखा सराव. मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन त्याला भेटायला जपानला गेले आणि नंतर त्याला आपल्या घरी जेवायलाही बोलावलं. डॉजर्सनी थेट आपल्या जपानी सुपरस्टारला, शोहेई ओहतानीलाच भेटीला बसवलं. मुलगी पाहायला येतात तसे संघ पिचर पाहायला येत होते, फरक इतकाच की नकार द्यायचा हक्क या वेळी मुलाकडे होता. त्याने डॉजर्सना होकार दिला. 12 वर्षांचे 32 कोटी 50 लाख डॉलर. तोवरचा निव्वळ पिचरचा सगळ्यात मोठा करार गेरिट कोलचा होता, याच्यापेक्षा फक्त 10 लाखांनी कमी, आणि याने अमेरिकेच्या लीगमध्ये एकही चेंडू टाकला नव्हता. जुन्या ओरिक्स संघाला 5 कोटी 6 लाख 25 हजार. सेइबूला मिळाले त्यापेक्षा कमीच.

2025 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यामामोतोने सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात येऊन आणखी 34. डॉजर्स जिंकले. ते पाहताना जपानमधल्या कित्येकांना कोशिएनची ती पट्टी आठवली असेल.

मात्सुझाकाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. तो जपानला परतला, मानेची शस्त्रक्रिया झाली, उजव्या हाताला मुंग्या यायच्या. 19 ऑक्टोबर 2021 ला, वयाच्या 41 व्या वर्षी, 18 नंबरची जर्सी घालून तो सेइबूच्या मैदानावर शेवटचा उतरला. समोर निप्पॉन हॅम संघ, ज्याच्याविरुद्ध 1999 च्या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्यात त्याने ताशी 155 किलोमीटरचा चेंडू टाकला होता. ठरलं होतं की एकाच फलंदाजाला टाकायचं. पाच चेंडू टाकले. एक स्ट्राइक, म्हणजे नेमका पडलेला, आणि चार बॉल, म्हणजे बाहेर गेलेले. असे चार बाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट. सगळ्यात वेगवान चेंडूला फलकावर आकडा उमटला 118. फलंदाज बॅट खाली ठेवून चालत पहिल्या बेसवर गेला.